धडधाकट माणसाच्या रक्तात अनोळखी जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण कालपर्यंत कामावर जात होता. त्याला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कोणतेही औषध चालू नाही. आणि आज ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जिवाणू बाटलीत वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या अहवालावर घरातल्या कोणीही कधी न ऐकलेल्या जिवाणूचे नाव आहे. अशा वेळी रुग्ण आणि नातेवाईक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उपचारांचे निर्णय अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचे आहेत. तरीही एक गोष्ट आधीच सांगायला हवी: अहवालावर नाव आले की तो जिवाणू कोणत्या वाटेने शिरला आणि शरीराने त्याला वेळीच का अडवले नाही, याचा शोध सुरू होतो, आणि त्या शोधात रुग्णाने सांगितलेली हकीकत अनेकदा महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

रक्तात जिवाणू सापडणे आणि सेप्सिस होणे या एकच गोष्टी आहेत का?

नाहीत. दात घासताना किंवा दाढ काढताना तोंडातले काही जिवाणू रक्तात उतरतात. यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशी त्यांना थोड्याच वेळात टिपून टाकतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जिवाणू रक्तात टिकून राहिले, किंवा एखाद्या गळवातून, हृदयाच्या झडपेवरून अथवा शिरेतल्या गुठळीतून पुन्हा पुन्हा रक्तात येत राहिले, तर तो रक्तप्रवाहाचा संसर्ग ठरतो. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद हाताबाहेर जाऊन अवयवांचे काम बिघडू लागते आणि जिवाला धोका निर्माण होतो, तेव्हा त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. २०१६ साली ठरलेली ही व्याख्या आता प्रचलित आहे. कल्चर पॉझिटिव्ह असूनही रुग्ण बऱ्यापैकी ठीक दिसू शकतो, आणि सेप्सिसने अत्यवस्थ झालेल्या रुग्णाचे कल्चर निगेटिव्ह येऊ शकते.

कोणती लक्षणे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये?

दात वाजतील आणि अंथरूण हलेल अशी हुडहुडी भरून येणारा ताप हे रक्तात जिवाणू असण्याचे बऱ्यापैकी विश्वासार्ह लक्षण आहे. नुसती थंडी वाजणे आणि अंग थरथर कापणे यांत फरक आहे, आणि तो डॉक्टरांना सांगितला पाहिजे. बोलण्यात असंबद्धपणा येणे, धाप लागणे, दिवसभरात लघवी जवळजवळ न होणे, हातपाय गार पडून त्वचेवर जाळीदार निळसर डाग उमटणे, काचेच्या पेल्याने दाबल्यावरही न विरणारे लालजांभळे ठिपके उठणे, किंवा बाहेरून फारसे काही दिसत नसताना एखाद्या हातापायात असह्य वेदना होणे, यांपैकी एकही लक्षण असल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे.

धडधाकट माणसाच्या बाबतीत येथे एक फसगत होते. तरुण शरीर रक्तवाहिन्या आकसून आणि हृदयाची गती वाढवून रक्तदाब बराच काळ सावरून धरते. त्यामुळे रक्तदाब नॉर्मल असल्याचे ऐकून घरचे निर्धास्त होतात, आणि तो एकदा घसरला की सावरायला फार थोडा अवधी उरतो. सेप्सिसविषयीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब घसरून अवयवांना रक्त अपुरे पडू लागलेल्या अवस्थेत असलेल्या रुग्णाला प्रतिजैविक तासाभराच्या आत मिळायला हवे. शॉक नसेल आणि निदानाबद्दल शंका असेल, तर तातडीने तपास करून, संसर्गाची शक्यता कायम राहिल्यास तीन तासांच्या आत ते द्यावे.

'दुर्मीळ' संसर्ग नेमका कशाला म्हणायचे?

रक्तप्रवाहाच्या संसर्गात बहुतेक वेळा ई. कोलाय, स्टॅफिलोकोकस ऑरियस, क्लेब्सिएला आणि न्यूमोकोकस हीच नेहमीची मंडळी सापडतात. कधी जिवाणूच क्वचित आढळणारा असतो, उदाहरणार्थ कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफॅगा. कधी जिवाणू ओळखीचा असतो, पण एरवी रुग्णालयात दीर्घकाळ पडून असलेल्या माणसाला गाठणारा हा जिवाणू चालत्याफिरत्या तरुणाच्या रक्तात सापडतो. कधी जिवाणू नेहमीचाच असतो आणि त्याचे वागणे वेगळे असते, म्हणजे तो यकृतातून थेट डोळ्यात जाऊन बसतो. या तिन्ही प्रसंगी डॉक्टरांनी जरा थबकून विचार करायला हवा; माझ्या मते सर्वांत जास्त चुका तिसऱ्या प्रसंगी होतात, कारण नाव ओळखीचे दिसले की पुढचा विचार थांबतो.

कोणताही आजार नसताना असे होतेच कसे?

जिवाणूला आत शिरायला वाट लागते: चावल्याची किंवा कापल्याची जखम, सुजलेला टॉन्सिल, आतड्याचे अस्तर, फुप्फुस. त्याला पुरेशी संख्या लागते. शिवाय भक्षक पेशींपासून बचाव करणारे साधनही लागते. न्यूमोकोकस, मेंदूज्वर घडवणारा मेनिंगोकोकस आणि क्लेब्सिएला यांच्याभोवती शर्करांचे जे जाड आवरण असते, त्यावर भक्षक पेशींची पकडच बसत नाही, आणि असे जिवाणू रक्तातून गाळून काढण्याचा मोठा भार प्लीहेवर पडतो. एवढी सामग्री जुळून आली तर पूर्णपणे निरोगी माणूसही आजारी पडू शकतो. मेनिंगोकोकस तर मुख्यतः लहान मुले आणि तरुणांनाच गाठतो.

मात्र 'कोणताही आजार नाही' या विधानाचा अर्थ बहुतेक वेळा 'आजवर कोणताही आजार सापडलेला नाही' एवढाच असतो, आणि म्हणूनच पुढे दडलेल्या कारणांविषयी स्वतंत्र प्रश्न घेतला आहे.

साध्या घसादुखीतून रक्तात संसर्ग पसरू शकतो का?

क्वचित पसरतो, आणि तो तरुणांमध्येच जास्त दिसतो. फ्यूसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा ऑक्सिजनशिवाय वाढणारा जिवाणू घशात राहतो. घसा सुजलेला असताना तो शेजारच्या ऊतींमधून मानेतल्या मोठ्या शिरेपर्यंत, म्हणजे जुग्युलर व्हेनपर्यंत पोहोचतो, तिथे संसर्गयुक्त गुठळी तयार करतो, आणि त्या गुठळीचे कण रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसांत अडकतात व तिथे पू धरतात. फ्रेंच वैद्य आंद्रे लेमिएर यांनी १९३६ साली अशा २० रुग्णांचे वर्णन केले. प्रतिजैविके येण्यापूर्वीचा तो काळ होता आणि त्यांपैकी १८ जण दगावले. या आजाराला आजही त्यांच्याच नावाने लेमिएर सिंड्रोम म्हणतात.

या आजारात घटनांचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी घसा दुखतो; तो थोडा बरा वाटू लागतो; आणि मग साधारण आठवड्याभरात एकाएकी हुडहुडी भरून ताप चढतो, मानेच्या एकाच बाजूला, जबड्याच्या कोनाखाली दुखू लागते, आणि श्वास घेताना छातीत टोचते. तोवर घसा तपासून पाहिला तर त्यात विशेष काही दिसत नाही, त्यामुळे रुग्णावर न्यूमोनियाचे उपचार सुरू होतात आणि मानेकडे कोणाचे लक्ष जात नाही. मानेची सोनोग्राफी किंवा कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी स्कॅन हे निदान पक्के करतो. घसादुखीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अझिथ्रोमायसिनच्या गटातील औषधांवर या जिवाणूच्या बाबतीत विसंबून राहता येत नाही. बीटा-लॅक्टॅम, म्हणजे पेनिसिलिनसारख्या गटातील योग्य औषध आणि मेट्रोनिडॅझोल यांचा उपयोग होतो व उपचार काही आठवडे चालतात. रक्त पातळ करणारे औषध द्यावे की नाही, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

पाळीव कुत्र्याने चाटले किंवा किरकोळ ओरखडा काढला, तर काळजी करावी का?

कोट्यवधी लोक कुत्र्या-मांजरांसोबत राहतात आणि त्यांना काहीही होत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. तरीही कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस हा जिवाणू निरोगी कुत्र्यांच्या तोंडात सहज आढळतो आणि क्वचित माणसाच्या रक्तात उतरून झपाट्याने अवयव निकामी करतो. मानवी संसर्गाची पहिली नोंद १९७६ सालची आहे. प्लीहा काढलेल्या आणि दारूचे व्यसन असलेल्या लोकांना याचा धोका अधिक असतो, पण असा कोणताही धोका नसलेले रुग्णही बरेच असतात. चावल्यानंतर काही दिवसांनी ताप, जुलाब किंवा उलट्या, आणि मग त्वचेवर जांभळे चट्टे व बोटांची टोके काळी पडणे, असा त्याचा प्रवास असतो. जखम तोवर जवळजवळ भरून आलेली असल्याने रुग्ण तिचा उल्लेखच करत नाही. हा जिवाणू कल्चरमध्ये सावकाश वाढतो. मात्र काचेवर पातळ पसरलेला रक्ताचा थर सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिला, तर कधीकधी पांढऱ्या पेशींच्या पोटात लांबट, टोकदार काड्या दिसतात आणि कल्चरच्या आधीच निदानाचा धागा हाती लागतो.

मांजर चावल्यावर बारा ते चोवीस तासांतच जखम लाल होऊन सुजू लागली, तर पाश्चरेला या जिवाणूचा संशय घ्यावा. उंदीर चावल्यानंतर ताप, सांधेदुखी आणि तळहात-तळपायांवर पुरळ आले, तर स्ट्रेप्टोबॅसिलस मोनिलिफॉर्मिस आठवावा. येथे प्रयोगशाळेला आगाऊ सांगणे फार महत्त्वाचे ठरते, कारण ब्लड कल्चरच्या बहुतेक बाटल्यांत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन घातलेले असते, तेच या जिवाणूची वाढ रोखते. उंदराचा उल्लेख झालाच नाही, तर कल्चर निगेटिव्ह येते आणि निदान हुकते.

माती आणि पाण्यातून कोणते जिवाणू येतात?

या गटातला सर्वांत फसवा जिवाणू म्हणजे मेलिऑयडोसिस घडवणारा बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९११ साली रंगून येथे या आजाराची पहिली ओळख पटवली. हा जिवाणू दक्षिण व आग्नेय आशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलिया येथील ओल्या मातीत राहतो, आणि पावसाळ्यात त्वचेवरच्या जखमांतून, श्वासातून किंवा पाण्यातून शरीरात शिरतो. बहुतेक रुग्णांना मधुमेह असतो, पण सर्वांना नाही. काहींचा मधुमेह तर याच आजारात पहिल्यांदा उघडकीस येतो. तो न्यूमोनियाच्या रूपात येतो, यकृत-प्लीहेत गळवे करतो, सांध्यात पू करतो, आणि क्वचित वर्षानुवर्षे शरीरात गप्प बसून नंतर डोके वर काढतो.

प्रयोगशाळेत तो साधा स्यूडोमोनास म्हणून किंवा बाहेरून मिसळलेला निरुपद्रवी जिवाणू म्हणून बाजूला टाकला जाण्याची भीती असते. त्याची एक खूण अनुभवी सूक्ष्मजीवतज्ज्ञ लक्षात ठेवतात: जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्ही औषधांना तो दाद देत नाही, पण को-अमॉक्सिक्लॅव्ह हे औषध लावलेल्या चकतीभोवती मात्र त्याची वाढ थांबते. अहवालात हे तिन्ही निष्कर्ष एकत्र दिसले, तर नावाची पुन्हा खातरजमा करून घ्यावी. २०२१ साली अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांत परदेशप्रवास न केलेल्या चार जणांना हा आजार झाला, त्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला, आणि उगम शेवटी घरात फवारायच्या सुगंधी द्रव्याच्या बाटलीत सापडला. त्यामुळे 'हा जिवाणू आमच्याकडे नसतोच' हे विधान जपून करावे.

उष्ण प्रदेशांतील साचलेल्या पाण्यात व मातीत क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम राहतो. प्रयोगशाळेतल्या ताटलीत वाढवल्यास त्याचे पुंजके, म्हणजे वसाहती, गडद जांभळ्या दिसतात, म्हणून तो एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. पण तो रक्तात शिरला तर त्वचेवर, यकृतात व फुप्फुसांत गळवे करतो आणि पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटातील अनेक औषधांना जुमानत नाही. समुद्र आणि खाडीच्या कोमट पाण्यातील व्हिब्रिओ व्हल्निफिकस कच्च्या शिंपल्यांतून किंवा जखमेतून येतो, पायांवर रक्ताळलेले फोड उठवतो आणि एक-दोन दिवसांत प्राण घेऊ शकतो. त्याचे बहुतांश बळी यकृताचा जुना आजार असलेले असतात, आणि तो आजार त्यांना ठाऊक असतोच असे नाही.

अन्नातून होणारे संसर्ग कोणते?

न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला आणि १९२६ साली अमेरिकेतील हॅव्हरहिल येथे साथीच्या रूपाने दिसलेला स्ट्रेप्टोबॅसिलस, तयार थंड पदार्थांतून लिस्टेरिया, आणि कच्च्या डुकराच्या मांसातून किंवा ते हाताळताना स्ट्रेप्टोकोकस सुइस. या शेवटच्या जिवाणूने २००५ साली चीनच्या सिचुआन प्रांतात २०० हून अधिक लोकांना ग्रासले होते. त्याच्या मेंदूज्वरातून वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचा बहिरेपणा येतो. ब्रुसेलाचा संशय असल्यास तो प्रयोगशाळेला आधी कळवणे हे तिथल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक असते, कारण वाढलेले कल्चर उघडताना त्यांनाच लागण होऊ शकते.

अहवालात 'क्लेब्सिएला' आहे आणि यकृतात गळू आहे. हे नेहमीचेच नाही का?

नाही, आणि येथे वेळ फार मोलाचा आहे. क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूचा एक अतिआक्रमक प्रकार १९८० च्या दशकात तैवानमध्ये लक्षात आला आणि आता जगभर आढळतो. पित्तमार्गाचा कोणताही विकार नसलेल्या माणसाच्या यकृतात तो गळू करतो आणि तेथून रक्तामार्गे डोळा, मेंदू, फुप्फुस अशा दूरच्या ठिकाणी पोहोचतो. याचे आवरण इतके चिकट असते की ताटलीतल्या वसाहतीला सळईचे टोक लावून वर उचलले, तर पाच मिलिमीटरपेक्षा लांब तार निघते. ही साधी चाचणी पक्के प्रमाण नसली तरी संशय घ्यायला पुरेशी आहे. अशा रुग्णाने एका डोळ्याने अंधुक दिसत असल्याची किंवा डोळा दुखत असल्याची तक्रार केली, तर नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावे. डोळ्याच्या आत संसर्ग पोहोचला असेल, तर काही तासांच्या विलंबाने दृष्टी कायमची जाऊ शकते.

ब्लड कल्चरसाठी इतके रक्त का घेतात, आणि दोन ठिकाणांहून का?

प्रौढ माणसाला रक्तप्रवाहाचा संसर्ग असतानाही अनेकदा एक मिलिलिटर रक्तात एकही जिवंत जिवाणू नसतो. म्हणून एका बाटलीत सुमारे १० मिलिलिटर, एका संचात दोन बाटल्या, आणि असे किमान दोन संच वेगवेगळ्या जागी टोचून घेतात. एकाच संचावर विसंबल्यास साधारण चारांतला एक संसर्ग निसटतो. दोन संचांनी सुमारे नव्वद टक्के पकडले जातात. दुसऱ्या जागेचे कारण असे की, त्वचेवरचा जिवाणू सुईबरोबर बाटलीत गेला असेल तर तो सहसा एकाच संचात उगवतो. नमुने प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी घेणे उत्तम, मात्र रुग्ण अत्यवस्थ असेल तर त्यासाठी औषध अडवून धरू नये.

अहवालात 'कंटॅमिनंट असण्याची शक्यता' लिहिले आहे. मग दुर्लक्ष करायचे का?

कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस, क्युटिबॅक्टेरियम, कॉरिनेबॅक्टेरियम, बॅसिलस हे त्वचेवर किंवा परिसरात राहणारे जिवाणू एकाच बाटलीत, दोन-तीन दिवस उलटल्यावर उगवले आणि रुग्णाच्या शरीरात कृत्रिम झडप, पेसमेकर किंवा शिरेतील नळी नसेल, तर ते बहुधा बाहेरून मिसळलेले असतात. तेवढ्यावरून आठवडाभर व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक चालवणे हे मूत्रपिंडाला विनाकारण वेठीस धरणे आहे.

याउलट, तेच नाव दोन्ही संचांत आणि पहिल्या चोवीस तासांत आले, तर ते खरे मानून चालावे. स्टॅफिलोकोकस लुग्डुनेन्सिस हा तांत्रिकदृष्ट्या कोॲग्युलेज-निगेटिव्ह गटातलाच असला, तरी हृदयाच्या झडपा कुरतडण्यात तो स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या तोडीचा आहे. म्हणून प्रयोगशाळेने केवळ गटाचे नाव देऊन थांबणे पुरेसे नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र एका बाटलीत उगवला तरी तो कंटॅमिनंट समजण्याची चैन कोणालाही परवडत नाही.

जिवाणूचे नाव कळायला इतका वेळ का लागतो?

बाटल्या यंत्रात ठेवल्या जातात आणि जिवाणू वाढून कार्बन डायऑक्साइड सोडू लागले की यंत्र इशारा देते. बहुतेक खरे संसर्ग पहिल्या दोन दिवसांत दिसतात. साधारण पाच दिवसांनी बाटली निगेटिव्ह ठरवतात. इशारा मिळताच केलेल्या ग्रॅम स्टेनवरून जिवाणूचा आकार आणि रंग तेवढा कळतो, आणि हा निरोप फोनवरूनच दिला जातो. पुढे माल्डी-टॉफ नावाचे यंत्र जिवाणूच्या प्रथिनांच्या वजनांचा नकाशा काढून काही मिनिटांत नाव सांगते. हे यंत्र त्याच्या संग्रहात असलेल्या नावांपैकीच एक निवडते, त्यामुळे संग्रहात नसलेला दुर्मीळ जिवाणू त्याच्या निरुपद्रवी भावंडाच्या नावाने बाहेर पडू शकतो. मेलिऑयडोसिसच्या जिवाणूबाबत हे घडलेले आहे. नाव आणि रुग्णाची अवस्था यांचा मेळ बसत नसेल, तर जनुकीय क्रम वाचून खात्री करतात.

कल्चर निगेटिव्ह आहे, पण ताप उतरत नाही. पुढे काय?

आधी घेतलेले प्रतिजैविक हे याचे सर्वांत साधे कारण असते. ते नसेल तर बार्टोनेला आणि कॉक्सिएला यांचा विचार करावा लागतो. हे जिवाणू नेहमीच्या बाटल्यांत उगवत नाहीत, हृदयाच्या झडपेवर घर करतात, आणि रक्तातील प्रतिपिंडे तपासून किंवा झडपेच्या ऊतीवर पीसीआर करून ओळखले जातात. मांजरे, गोठा, जनावरांचे बाळंतपण, अंगावरच्या उवा यांबद्दलचे प्रश्न येथे विचारले जातात, आणि ते कितीही विचित्र वाटले तरी त्यांना नीट उत्तरे द्यावीत.

बरे झाल्यावरही डॉक्टर आणखी तपासण्या का सांगतात?

कारण काही जिवाणूंची नावे एखाद्या दडलेल्या आजाराकडे बोट दाखवतात. स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस रक्तात सापडला, तर हृदयाची इकोकार्डिओग्राफी आणि मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी दोन्ही करावीच लागतात, कारण आतड्यातील गाठीशी आणि कर्करोगाशी त्याचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. क्लोस्ट्रिडियम सेप्टिकमबद्दलही हेच खरे आहे. पोट साफ होते, रक्त पडत नाही, वजन उतरलेले नाही, या कारणांनी कोलोनोस्कोपी टाळणारे रुग्ण भेटतात. त्यांना मी एवढेच सांगेन की लक्षणे दिसण्यापूर्वी गाठ सापडण्याची अशी संधी पुन्हा मिळत नाही.

मेनिंगोकोकसचा संसर्ग दुसऱ्यांदा झाला, कुटुंबात आणखी कोणाला झालेला असला, किंवा त्याचा क्वचित आढळणारा उपप्रकार सापडला, तर जिवाणू मारायला मदत करणारी रक्तातील कॉम्प्लिमेंट प्रथिने तपासतात. या साखळीतील शेवटची प्रथिने जन्मतः कमी असली तरी माणूस एरवी पूर्ण निरोगी दिसतो. न्यूमोकोकसने काही तासांत अत्यवस्थ केलेल्या माणसाची प्लीहा आहे का, आणि असली तर काम करते का, हे पाहायला हवे. रक्ताच्या काचेवर लाल पेशींत हॉवेल-जॉली कण दिसले, तर प्लीहा काम करत नसल्याची ती खूण असते, आणि त्यानंतर लसीकरणाचे वेळापत्रक आखावे लागते. क्रोमोबॅक्टेरियम किंवा सेरॅशियाचा संसर्ग लहान वयात झाल्यास क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात दोषाची तपासणी करतात. साल्मोनेला पुन्हा पुन्हा रक्तात येत असेल, तर एचआयव्ही आणि इंटरफेरॉन-गॅमाविरोधी प्रतिपिंडे तपासतात. वयस्क रुग्णात महाधमनीच्या भिंतीतही तो ठाण मांडून बसलेला असू शकतो.

दडलेल्या कारणाचे सर्वांत बोलके उदाहरण २००९ सालचे आहे. शिकागोतील एका संशोधकाचा प्लेगच्या मुद्दाम दुबळ्या केलेल्या वाणाने मृत्यू झाला. तो वाण निरुपद्रवी मानला जात असे, कारण शरीरातून लोह मिळवण्याची त्याची क्षमता काढून टाकलेली होती. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्या संशोधकाला हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार असल्याचे आढळले. जिवाणूला जे स्वतः मिळवता येत नव्हते ते तिथे विपुल होते, असा निष्कर्ष निघाला. हयातीत त्यांना या विकाराचा पत्ता नव्हता. व्हिब्रिओ व्हल्निफिकस किंवा येर्सिनिया (प्लेगचा जिवाणू याच गटातला) रक्तात सापडल्यावर फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासण्याचा आग्रह धरला जातो तो यामुळेच.

सर्वांना सरसकट सगळ्या तपासण्या करणे मात्र अनाठायी आहे. रक्तशर्करा, एचआयव्ही आणि यकृताची तपासणी बहुतेकांना करावी. बाकीच्या तपासण्या जिवाणूच्या नावावरून ठरवाव्यात.

प्रतिजैविके किती दिवस घ्यावी लागतात?

सात देशांतील ७४ रुग्णालयांत, ३६०८ रुग्णांवर झालेल्या बॅलन्स नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. रक्तप्रवाहाच्या संसर्गात सात दिवसांचे उपचार चौदा दिवसांपेक्षा कमी पडत नाहीत, असे त्यांतून दिसले. हा दिलासा सर्वांना लागू नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियसचे आणि प्रतिकारशक्ती फार क्षीण असलेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते. स्टॅफिलोकोकस ऑरियससाठी किमान दोन आठवडे, आणि झडप किंवा मणक्यात संसर्ग असेल तर चार ते सहा आठवडे शिरेतून औषध देण्याची रीत आहे. ब्रुसेलाला किमान सहा आठवडे दोन औषधे लागतात. मेलिऑयडोसिसमध्ये सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम निदान दोन आठवडे शिरेतून, आणि त्यानंतर को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या किमान तीन महिने घ्याव्या लागतात. बरे वाटू लागल्यावर या गोळ्या सोडणारे बरेच असतात, आणि आजार उलटण्याचे ते मोठे कारण आहे.

पू साठलेला असेल, तर तो बाहेर काढल्याशिवाय नुसत्या औषधाने भागत नाही. ताप उतरत नसताना औषध बदलण्याआधी, कुठे गळू राहून गेले आहे का, हे पाहावे.

घरातल्या इतरांना याची लागण होते का?

बहुतेक दुर्मीळ जिवाणूंची लागण माणसाकडून माणसाला होत नाही. मेनिंगोकोकस हा ठळक अपवाद आहे; त्याच्या रुग्णाच्या निकट सहवासातील व्यक्तींना सिप्रोफ्लॉक्सासिन, रिफॅम्पिसिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन यांपैकी एक औषध शक्य तितक्या लवकर देतात. मात्र उगम सामाईक असेल, म्हणजे तेच दूध किंवा तेच पाळीव जनावर, तर घरातल्या इतरांनाही त्याच उगमातून आजार होऊ शकतो.

डॉक्टरांना नेमके काय सांगावे?

गेल्या महिनाभरात प्राणी चावला, ओरबाडला किंवा जखमेवर चाटला का. दाढ काढली, टॅटू काढला, कान-नाक टोचून घेतले किंवा इंजेक्शन घेतले का. चिखलात, तळ्यात, समुद्रात उतरलात का. कच्चे दूध, मांस, मासे किंवा शिंपले खाल्ले का. प्रवास कुठे झाला. कामाचे स्वरूप काय. आणि रुग्णालयात येण्यापूर्वी कोणत्या गोळ्या घेतल्या. मासे किंवा मांस हाताळणाऱ्यांनी बोटावरची जुनी जखम आवर्जून दाखवावी, कारण तिथून शिरणारा एरिसिपेलोथ्रिक्स हा जिवाणू व्हॅन्कोमायसिनला उपजतच दाद देत नाही, आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंसाठी अनेकदा पहिल्यांदा तेच औषध सुरू केले जाते. माहिती खासगी असेल तर नातेवाइकांना बाहेर पाठवून सांगावी. नशेची इंजेक्शने घेतल्याचे लपवल्यामुळे झडपेचा संसर्ग उशिरा सापडलेले रुग्ण काही कमी नाहीत.

रुग्णालयातून घरी आल्यावर कशाकडे लक्ष ठेवावे?

थकवा, झोप न लागणे, केस गळणे आणि विसराळूपणा हे सेप्सिसनंतर काही आठवडे ते महिने राहू शकतात. त्यांसाठी पुन्हा प्रतिजैविक लागत नाही. पुन्हा हुडहुडी भरली, किंवा पूर्वी नसलेली पाठदुखी सुरू होऊन रात्री वाढू लागली, तर लगेच दाखवावे. रक्तातून मणक्यात गेलेला संसर्ग अनेक आठवड्यांनी केवळ पाठदुखीच्या रूपात प्रकट होतो, सुरुवातीच्या एक्स-रेत तो दिसत नाही, आणि त्यासाठी एमआरआय करावा लागतो. अशा वेळी नव्या डॉक्टरांकडे गेल्यास जुन्या कल्चरचा अहवाल, जिवाणूच्या पूर्ण नावासह आणि औषधांच्या संवेदनशीलतेच्या तक्त्यासह, बरोबर न्यावा. नुसते डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, कारण त्यावर पुष्कळदा केवळ 'सेप्सिस' एवढेच लिहिलेले असते.